खाणं सोडलेल्या कुत्र्याला औषध देताना

गोळी खाण्यात लपवून द्या, हा सल्ला सगळेच देतात. तो चांगलाही आहे, फक्त त्यासाठी कुत्रा खाणारा हवा. आजारी कुत्र्याने अन्नाकडे पाठ फिरवली की तो सल्ला निकामी होतो, आणि नेमकी तेव्हाच औषधाची सगळ्यात जास्त गरज असते. मग सकाळी चिकनमध्ये, दुपारी चीजमध्ये, रात्री बिस्किटात असे प्रयोग सुरू होतात. दोन दिवसांत कुत्र्याच्या लक्षात येतं की जे जे चांगलं समोर येतं त्यात काहीतरी कडू असतं. आधी तो फक्त आजारामुळे खात नव्हता, आता संशयामुळेही खात नाही.

म्हणून पहिली गोष्ट: औषध आणि अन्न यांची पूर्ण फारकत करा. औषध थेट तोंडात, पाठोपाठ थोडं पाणी, प्रकरण संपलं. अन्न त्यानंतर किमान अर्ध्या तासाने, दुसऱ्या जागी, त्यात काहीही न मिसळता. रोजच्या खाण्यात पूड कालवण्याचा तोटा संशयापुरता नाही. कुत्र्याने त्यातलं निम्मंच खाल्लं तर औषध किती पोटात गेलं हे तुम्हालाही सांगता येत नाही आणि डॉक्टरांनाही. किडनी किंवा यकृतासाठी खास आहार चालू असेल तर त्यात औषध चुकूनही घालू नका. तो आहार पुढे अनेक महिने चालवायचा असतो, आणि एकदा का त्याच्या चवीचा आजाराशी संबंध जुळला की कुत्रा त्याला तोंड लावत नाही.

आधी तो का खात नाही ते बघा

न खाण्याची दोन रूपं असतात आणि त्यांतला फरक घरीच कळतो. वाडग्याजवळ येतो, हुंगतो, ओठ चाटतो, आवंढे गिळतो, लाळ गळते आणि मान फिरवून निघून जातो, ही मळमळ. येतो, घास उचलतो, तो खाली पाडतो किंवा एकाच बाजूने चावतो, ही बहुतेक वेळा तोंडातली किंवा दातांची दुखणी. मळमळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात कितीही कौशल्याने गोळी घातली तरी ती परत येण्याची शक्यता मोठी. त्याला आधी मळमळ थांबवणारं इंजेक्शन हवं, मॅरोपिटंट किंवा ऑनडॅनसेट्रॉन. ते बसलं की बऱ्याचदा पुढचा अर्धा प्रश्न सुटतो. भूक वाढवणारी औषधंही आहेत (मिर्टाझापिन, कॅप्रोमोरेलिन), पण मळमळ किंवा दुखणं तसंच ठेवून भूक वाढवण्यात अर्थ नाही. तो क्रम डॉक्टरांनी ठरवायचा.

तिसरी शक्यता लोक विसरतात: भूक औषधानेच मारली असेल. मेट्रोनिडाझोल, डॉक्सिसायक्लिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट, ट्रॅमाडॉल यांनी पोट बिघडू शकतं. औषध सुरू झालं त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खाणं सुटलं असेल तर फोनवर सगळ्यात आधी हे सांगा.

आणि एक इशारा, हात तोंडात घालण्याआधीचा. लस झालेली नाही किंवा झाली की नाही माहीत नाही, वागणं अचानक बदललंय, लाळ गळतेय आणि गिळता येत नाही, अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालायचा नाही. घशात हाड अडकलं असेल असं वाटतं, आणि असूही शकतं. पण रेबीजही असाच दिसतो. गोळी राहू द्या, डॉक्टरांना बोलवा. त्याची लाळ जखमेवर, डोळ्यात किंवा तोंडात गेली असेल किंवा तो चावला असेल, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, डोळे आणि तोंड नुसत्या पाण्याने, आणि लगेच माणसांच्या डॉक्टरांकडे जा.

रिकाम्या पोटी काय चालतं, काय नाही

इथे चूक झाली तर ती महागात पडते, म्हणून जरा सविस्तर.

इन्सुलिन चालू असलेला कुत्रा खात नसेल तर नेहमीचा पूर्ण डोस देऊ नका. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डोस कमी करायचा की वगळायचा हे फोन करून विचारा, अंदाजाने नाही. कुशिंगसाठी (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त बनण्याचा आजार) ट्रायलोस्टेन चालू असेल आणि कुत्रा खात नसेल किंवा उलट्या होत असतील तर गोळी थांबवा आणि फोन करा, कारण शरीरातलं कॉर्टिसोल गरजेपेक्षा खाली गेल्याची ती खूण असू शकते. मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन यांसारखी सूज आणि वेदना कमी करणारी औषधं घेणारा कुत्रा अचानक खायचा थांबला, उलटी झाली किंवा शी डांबरासारखी काळी झाली, तर पुढची गोळी द्यायची नाही. जठराला व्रण झाल्याची शंका घ्यायची. फ्युरोसेमाइडसारखं लघवी वाढवणारं औषध, जोडीला रक्तदाबाची गोळी, आणि कुत्रा पाणीही पीत नाही, हे त्रिकूट किडनीवर येतं. तेही त्याच दिवशी विचारण्यासारखं.

उलट बाजूला अशी औषधं आहेत जी खाणं सुटलं म्हणून बंद करता येत नाहीत. फिट्ससाठीचं फेनोबार्बिटल अचानक थांबलं तर झटके उसळून येतात. प्रेडनिसोलोन बरेच दिवस चालू असेल तर तेही एकदम सोडायचं नाही. गोळी तोंडावाटे जातच नसेल तर ही दोन्ही इंजेक्शनच्या रूपात देता येतात, त्यासाठी दवाखाना गाठायचा. हृदयाचं पिमोबेंडान तर मुळात खाण्याच्या साधारण तासभर आधी, रिकाम्या पोटी द्यायचं असतं, त्यामुळे ‘काही खाल्लं नाही म्हणून दिलं नाही’ हे त्याच्या बाबतीत कारणच होऊ शकत नाही. ओमेप्राझोलही खाण्याच्या अर्धा तास आधीचं.

उरलेल्या यादीला कात्री लावा. सांध्यांची पावडर, मल्टिव्हिटॅमिन, यकृताचं टॉनिक, केसांसाठीचं तेल: खात नसलेल्या कुत्र्याच्या यादीत हे सगळं कशाला हवं? प्रत्येक वेळी जबडा उघडला की त्याचा थोडा विश्वास खर्च होतो आणि तो खर्च महत्त्वाच्या दोन गोळ्यांसाठी राखून ठेवायला हवा. ‘यातलं आठवडाभर काय बंद ठेवता येईल?’ असा थेट प्रश्न डॉक्टरांना विचारा. उत्तर बहुधा ऐकण्यासारखं असतं.

गोळी थेट तोंडात

तयारी आधी, कुत्रा नंतर. गोळी स्ट्रिपमधून बाहेर काढलेली, सिरिंजमध्ये पाणी भरलेलं, हात कोरडे, खोलीचं दार बंद. त्याला नावाने हाक मारून बोलावू नका, नाहीतर हाकेचा अर्थच बदलतो. तुम्ही त्याच्याकडे जा. त्याची झोपायची जागा आणि खायची जागा सोडून तिसरीकडे हे करा. लहान कुत्रा टेबलावर, खाली घसरणार नाही अशी चटई. मोठा कुत्रा जमिनीवर बसवून, त्याचा पार्श्वभाग भिंतीच्या कोपऱ्याला टेकलेला. तुम्ही त्याच्या समोर नाही, बाजूला किंवा मागे, गुडघ्यांमध्ये त्याला सैल धरून. समोरून वाकलेला माणूस त्याला धमकीसारखा वाटतो, आणि मागे सरकायला जागा असली की तो सरकतोच.

उजव्या हाताच्या माणसासाठी: डावा तळवा वरून नाकाडावर ठेवा, अंगठा एका बाजूच्या वरच्या सुळ्यामागे आणि बोटं दुसऱ्या बाजूच्या सुळ्यामागे. तिथे दात नसलेली छोटी फट असते. त्याचेच ओठ दातांवरून किंचित आत दुमडले की तो चावायला बिचकतो. आता नाक छताकडे उचला, खालचा जबडा आपोआप सैल होतो. उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत गोळी, मधल्या बोटाने खालचे पुढचे छोटे दात हलकेच दाबून तोंड उघडा आणि गोळी जिभेच्या मागच्या भागावर, अगदी मध्यरेषेवर सोडा. जिभेला मागे एक उंचवटा असतो, गोळी त्याच्या पलीकडे गेली पाहिजे. अलीकडे पडली तर जीभ तिला पुढे ढकलते आणि बाजूला पडली तर ती गालात जाऊन बसते. बहुतेक गोळ्या थुंकल्या जातात त्या याच दोन कारणांनी.

हात बाहेर येताच तोंड मिटवा आणि नाक लगेच खाली, नेहमीच्या पातळीवर आणा. बहुतेक लोक इथे मान वरच धरून ठेवतात. वर ताणलेल्या मानेने गिळणं अवघड असतं. तोंड हलक्या हाताने बंद धरून गळा वरून खाली चोळा किंवा नाकावर हळूच फुंकर मारा. त्याने जीभ बाहेर काढून नाक चाटलं की गिळल्याची बऱ्यापैकी खात्री. तरी दोन-तीन मिनिटं नजर ठेवा, कारण काही कुत्रे गोळी गालात ठेवून शांतपणे दुसऱ्या खोलीत जातात आणि ती सोफ्यामागे सापडते.

मग पाणी. लहान कुत्र्याला ३ ते ५ मिली, मोठ्याला १० मिलीपर्यंत, सिरिंजने, गालातून. हे ऐच्छिक समजू नका. कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करू शकते. डॉक्सिसायक्लिन आणि क्लिंडामायसिन यासाठी कुप्रसिद्ध आहेत. मांजरांमध्ये हे जास्त दिसतं, पण पाण्याच्या चार थेंबांची कंजुषी कुत्र्यातही करू नये. खाणारा कुत्रा गोळीवर घास खातो आणि ती आपोआप खाली जाते. न खाणाऱ्याला ती सोय नसते.

कॅप्सूल ओल्या बोटांनी धरू नका, जिलेटिन चिकट होऊन ती टाळूला बसते. कॅप्सूलला लोण्याचा अगदी पातळ हात पुरतो; स्वादुपिंडाला सूज असेल तर लोण्याऐवजी त्याच्या पातळ डबाबंद खाण्याचा लेप लावा.

हात तोंडात घालायची भीती वाटत असेल तर पिल गन मिळते: मऊ रबरी टोक असलेली, दट्ट्याची नळी. चांगली वस्तू आहे, पण ती घशात खुपसायची नाही. टोक जिभेच्या उंचवट्यापलीकडे नेलं की दट्ट्या दाबायचा आणि नळी सरळ बाहेर काढायची. कुत्रा गुरगुरला, अंग ताठ झालं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, तर तिथेच थांबा. चावा बसला तर पुढचे सगळे डोस अवघड होतात.

पातळ औषध आणि गालाचा खिसा

पातळ औषधाचं तंत्र नेमकं उलटं आहे: तोंड उघडायचं नाही आणि मान वर करायची नाही. ओठांच्या कोपऱ्याशी गाल बोटाने बाहेर ओढा, एक खिसा तयार होतो. सुई काढलेल्या सिरिंजचं टोक सुळ्याच्या मागून त्या खिशात घाला आणि लहान कुत्र्याला एका वेळी अर्धा ते एक मिली, मोठ्याला दोन मिली असं सोडा. गिळू द्या. मग पुढचं. सरळ घशाकडे पिचकारी मारली किंवा डोकं मागे झुकवलं तर औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि त्यातून फुप्फुसांना न्यूमोनिया होतो. पग, फ्रेंच बुलडॉग यांसारखे चपट्या नाकाचे, अन्ननलिका सैल झालेले आणि गुंगीत असलेले कुत्रे यांना हा धोका जास्त. फिट येऊन गेल्यावर कुत्रा पूर्ण शुद्धीत येईपर्यंत तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. औषध दिल्यावर खोकला आला तर थांबा. पुढच्या दिवसा-दोन दिवसांत श्वास जोरात चालू लागला किंवा ताप आला तर लगेच दाखवा.

चावरा असेल तर जाळीची मुस्की घालून तिच्या फटीतून सिरिंज गालात घालता येते. गोळीसाठी ही युक्ती चालत नाही, म्हणून अशा कुत्र्यासाठी डॉक्टरांकडे पातळ औषधच मागा. मात्र माणसांचं सिरप परस्पर देऊ नका. त्यात झायलिटॉल असू शकतं. गॅबापेंटिनच्या माणसांसाठीच्या काही द्रावणांत ते असतं, आणि कुत्र्यात ते साखर झपाट्याने खाली आणतं, यकृतही निकामी करू शकतं. पीनट बटर वापरत असाल तर त्याच्याही डब्यावरची यादी वाचा.

गोळी कुटायची की नाही

कुटणं सोपं वाटतं म्हणून लोक सगळंच कुटतात. काही गोळ्यांवरचं आवरण आम्लापासून औषधाला वाचवण्यासाठी असतं, काही गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळाव्यात म्हणून बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की एक तर औषध वाया जातं, नाहीतर दिवसभराचा डोस एकदम अंगावर येतो. ओमेप्राझोलच्या कॅप्सूलमधले बारीक दाणे चिरडायचे नाहीत. कॅन्सरची औषधं, उदाहरणार्थ क्लोरॅम्ब्युसिल, सायक्लोफॉस्फमाइड, ना तोडायची ना कुटायची; हातमोजे घालूनच धरायची, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने हे काम करायचं नाही.

कुटायला परवानगी असलेल्या गोळ्यांतही कडूपणाचा प्रश्न असतो. मेट्रोनिडाझोलची कुटलेली गोळी जिभेला लागली की कुत्रा फेस काढतो, डोकं झटकतो, पंजाने तोंड घासतो. घरचे घाबरतात, पण ही फक्त चवीची प्रतिक्रिया आहे. पाणी द्या आणि पुढच्या वेळी ती गोळी अख्खी किंवा रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये घालून द्या. या कॅप्सूल औषधाच्या दुकानात मिळतात, आणि आकडा वाढतो तसा आकार लहान होतो: ४ नंबर छोटी, ० नंबर मोठी. दोन-तीन बारीक गोळ्या एकाच कॅप्सूलमध्ये बसल्या तर तोंड एकदाच उघडावं लागतं. फक्त त्या एकत्र चालतात का ते आधी विचारून घ्या. भरायची ती आयत्या वेळी.

एक गोळी मात्र मुद्दाम विरघळवूनच द्यावी: सुक्राल्फेट. १ ग्रॅमची गोळी सिरिंजच्या नळीत टाका, ५ ते १० मिली कोमट पाणी ओढा, काही मिनिटं ठेवून हलवा. कुटायची गरजही नसते. त्यातला डॉक्टरांनी सांगितलेला भाग गालातून द्या. हे औषध जठराच्या व्रणावर लेप देतं आणि त्याच लेपात दुसरी औषधंही अडकवतं, म्हणून त्याच्यात आणि इतर औषधांत दोन तासांचं अंतर ठेवायचं, एन्रोफ्लॉक्सॅसिन आणि डॉक्सिसायक्लिनच्या बाबतीत तर नक्कीच. याच दोन अँटिबायोटिक्सबरोबर दूध, दही, चीजही टाळा. कॅल्शियम त्यांना बांधून ठेवतं. पूड करून दिलेल्या कुठल्याही औषधानंतर सिरिंज आणखी एक मिली पाण्याने खळखळून तेही देऊन टाका, कारण बराचसा गाळ नळीलाच चिकटलेला असतो.

अर्धवट खाणारा कुत्रा

दोन-चार घास खाणाऱ्यासाठी तीन तुकड्यांची चाल अजून चालते. त्याला खरोखर आवडणाऱ्या वस्तूचे तीन छोटे तुकडे करा. पहिला साधा. दुसऱ्यात गोळी. तिसरा दुसऱ्याच्या पाठोपाठ नाकासमोर, म्हणजे तो मिळवण्याच्या घाईत दुसरा चावला जात नाही. गोळी एका हाताने भरायची, तुकडे दुसऱ्या हाताने द्यायचे. गोळीचा वास लागलेला हात त्याला लगेच कळतो. तुकडा इतका लहान हवा की चावावाच लागू नये. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट असलेलं काहीही चालत नाही, आणि विकतच्या बाळांच्या प्युरीत कांद्याची पूड असू शकते हे लक्षात ठेवा.

जेवण थोडं कोमट करा, वास उठेल इतपत. वाडगा पंधरा-वीस मिनिटांनी उचला. चमच्याने घास कोंबू नका. मळमळीत कोंबलेलं अन्न तो बरा झाल्यावरही नाकारतो.

उलटी झाली तर

वेळ लिहा, उलटीत गोळी दिसते का बघा, फोटो काढा, फोन करा. पाच मिनिटांत अख्खी गोळी बाहेर आली असेल तर बऱ्याचदा पुन्हा द्यायला सांगतात. तासाभराने झाली तर औषध बरंचसं शोषलं गेलेलं असतं. पण हृदयाच्या, फिट्सच्या आणि वेदनेच्या औषधांचा डोस स्वतःच्या मनाने दुसऱ्यांदा देऊ नका. सलग दोन डोस उलटून पडले की तोंडावाटेचा मार्ग बंद झाला असं समजा.

दुसरे मार्ग असतात आणि ते मागायला संकोच करू नये. अनेक अँटिबायोटिक्स इंजेक्शनने देता येतात, सेफोव्हेसिनसारखं एक इंजेक्शन साधारण दोन आठवडे काम करतं. कातडीखाली सलाइन देता येतं. फिट थांबवायला डायझेपाम गुदद्वारातून देता येतं. मोठ्या कुत्र्याने २४ तास काहीच खाल्लं नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, ४८ तास वाट बघणं फार झालं. पिल्लं आणि अगदी छोट्या जातींचे कुत्रे यांना इतकाही वेळ नसतो, त्यांची साखर काही तासांत उतरते.

आजार लांबणार असेल तर मानेच्या बाजूने अन्ननलिकेत बसवायच्या ट्यूबचा पर्याय विचारा. ऐकायला भयंकर वाटतो, पण रोज चार वेळा जबड्याशी झटापट करण्यापेक्षा कुत्र्याला तो पुष्कळ सोपा जातो. थोडा वेळ भूल देऊन ती बसवतात, आणि तिच्यातून अन्न, पाणी, औषध सगळं जातं. औषध पूर्ण विरघळलेलं हवं, एका वेळी एकच, आणि प्रत्येकाच्या आधी व नंतर ५ ते १० मिली कोमट पाणी सोडायचं. ट्यूब तुंबते ती अर्धवट कुटलेल्या गोळीच्या खड्यांनी. तुंबलीच तर कोमट पाणी हलक्या दाबाने आत-बाहेर करत राहा, जोर लावू नका, आणि सुटली नाही तर दवाखान्यात न्या.